अवदसा

यंदाच्या स्मरणिकेसाठी चिटणीसबाईंनी लेख मागितला तेव्हा मी त्यांना म्हटले, "मला आपली पाककृतीच लिहू द्या." त्या म्हणाल्या, "पाककृती सात आल्या आहेत. तुम्ही काहीतरी इतिहासाचे लिहा." आता इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह आणि सनावळ्या. सातवी पास झालेल्या बाईने त्यात कशाला तोंड घालावे? परंतु आपल्या घरांतून दिवसाकाठी दोनचार वेळा तरी ज्याचा उच्चार होतो अशा एका शब्दाची हकीकत मी गेली दोन-तीन वर्षे हौसेने गोळा करीत आले आहे. दुपारची कामे आटोपली की गावच्या वाचनालयात जाऊन बसायचे आणि जाडजूड कोश उघडायचे, हा माझा छंद झाला आहे. ग्रंथपालांना प्रथम नवल वाटले. आता ते विचारीत नाहीत, कोश काढून ठेवतात.

तो शब्द म्हणजे 'अवदसा'.

मुलीने केस विंचरले नाहीत, की आई म्हणते, "काय अवदसेसारखी हिंडतेस!" सुनेच्या हातून दूध उतू गेले, की सासूबाई म्हणतात, "लक्ष कुठे असते अवदसेचे!" यजमानांनी बाजारातून नको ती वस्तू उचलून आणली, की आपण म्हणतो, "ही काय अवदसा आठवली तुम्हाला!" आणि पाहुणे दारात उभे असताना घरात पसारा असेल, तर घरालाच अवदसा आलेली असते. म्हणणारीच्या मनात वाईट काही नसते. शब्द तोंडातून जातो, काम पुढे चालू राहते. त्याच्याच पंगतीला बसणारे आणखी किती तरी आहेत. गबाळी, गचाळ, अजागळ, वेंधळी, बावळट, करंटी, दळिद्री. मी एकदा तांदूळ निवडता निवडता मोजू लागले. अव्यवस्थित किंवा दुर्दैवी माणसाला लावायचे शब्द दोन्ही हातांच्या बोटांवर मावेनात, आणि नीटनेटक्या माणसासाठी तीन-चारांच्या पुढे मजल जाईना. पिकाच्या दुष्काळाची आपल्याला सवय आहे, पण शब्दांच्या या खात्यात दुष्काळ कधी पडलेला दिसत नाही.

यातल्या काहींची कुळकथा मौजेची आहे. 'अजागळ' घ्या. अजा म्हणजे शेळी, आणि गळ म्हणजे गळा. काही शेळ्यांच्या गळ्याखाली दोन मांसल लोळ्या लोंबत असतात. दिसायला त्या आचळासारख्या, पण दूध त्यातून थेंबभर निघत नाही. संस्कृतातल्या सुभाषितकारांनी निरुपयोगी जन्माला या लोळ्यांची उपमा दिली. तिथून तो शब्द मराठीत आला, आणि निरुपयोगीचा अर्थ पालटून आपल्याकडे तो पदर लोंबणाऱ्या, निऱ्या सुटलेल्या बाईला चिकटला. लोंबणे तेवढे शिल्लक राहिले! 'गबाळ' म्हणजे मुळात गाठोडे, वाटेच्या प्रवाशाचे सामानसुमान. 'चंबूगबाळे आवरले' असे आपण अजून म्हणतो, त्यातले हेच गबाळे. म्हणजे ज्याचे सारे घर एका गाठोड्यात मावते, त्याच्यासारखा दिसणारा तो गबाळा. 'बावळा' हा संस्कृत 'वातुल' शब्दाचा वंशज. वाताने ज्याचे डोके फिरले तो वातुल. हिंदीतला बावला त्याचाच भाऊ, आणि बंगालमध्ये एकतारी घेऊन गात हिंडणारे बाउल आहेत, त्यांचे नावही याच घराण्यातले मानतात. तिकडे त्या नावाचा मान, आणि इकडे आपण चष्मा विसरून गेलेल्या मुलाला बावळट म्हणतो.

'दळिद्री' तर उघडच दरिद्री आहे. आपण हा शब्द कुणाला लावतो ते पाहा. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याला क्वचितच. जो कोंदटलेल्या खोलीत दुपारी लोळत पडतो, जो सणाच्या दिवशी मळका सदरा घालतो, त्याला आपण दळिद्री म्हणतो. गरिबी, घाण आणि दैव हे तीन निरनिराळे जिन्नस आपल्या भाषेने एकाच डब्यात भरून ठेवले आहेत. हे कधी आणि कसे झाले, त्याचा शोध घेताना मी 'अवदसे'पाशी पोचले.

अवदसा म्हणजे मुळात 'अवदशा'. दशा म्हणजे अवस्था, आणि अव म्हणजे खाली गेलेली. पडता काळ, एवढाच त्याचा अर्थ. परंतु बोलीत ती नुसती अवस्था राहिली नाही, तिला हातपाय फुटले आणि ती बाई झाली. 'अक्काबाईचा फेरा आला' हा वाक्प्रचार आपल्या आजीच्या तोंडी असे. घरातला कर्ता गेला, गाईम्हशी मेल्या, भांडी विकायची वेळ आली, की अक्काबाईचा फेरा आला म्हणायचे. ही अक्काबाई कोण? अक्का म्हणजे थोरली बहीण. कुणाची थोरली बहीण? तर लक्ष्मीची. तिचे पोथीतले नाव ज्येष्ठा, आणि दुसरे नाव अलक्ष्मी.

आपल्यापैकी पुष्कळजणी शुक्रवारी श्रीसूक्त म्हणतात. हे सूक्त ऋग्वेदाच्या खिलभागातले, म्हणजे मागून जोडलेल्या भागातले आहे, परंतु आहे फार जुने. त्यात या थोरलीचा उल्लेख येतो. तिला घालवून दे, अशी तिथे प्रार्थना आहे, आणि तिचे वर्णन करताना म्हटले आहे की भूक आणि तहान यांचा मळ तिच्या अंगावर बसला आहे. मी इतकी वर्षे ते शब्द म्हणत होते, अर्थ एका पुराणिकबुवांकडून समजला, आणि त्या दिवशी स्वयंपाक करताना दुसरे काही सुचेना. मळ कसला, तर भुकेचा. अंघोळ न केल्याचा नव्हे, आळसाचाही नव्हे. ज्या कुणी ते रचले, त्याने उपाशी माणूस जवळून पाहिलेला असला पाहिजे. कातडी कशी कोरडी, राखी पडते, केस कसे तांबूस आणि राठ होतात, ते पाहिल्याशिवाय असा शब्द सुचत नाही.

पुढे पुराणांत मात्र गोष्ट फिरली. कार्तिकमाहात्म्याची पोथी आमच्याकडे कार्तिकात वाचतात, ते पद्मपुराणातले आहे. त्यात कथा आहे ती अशी. समुद्रमंथनातून आधी ज्येष्ठा निघाली, मागून लक्ष्मी. विष्णूने लक्ष्मीला मागणी घातली तेव्हा ती म्हणाली, "थोरलीचे लग्न झाल्याशिवाय धाकटीचे कसे होणार?" मग विष्णूने उद्दालक नावाच्या ऋषीला ज्येष्ठा देऊन टाकली. ऋषी तिला आश्रमात घेऊन गेला. तिथे होमाचा धूर आणि वेदांचा घोष. ती म्हणाली, "मला इथे राहवणार नाही. जिथे नवराबायको भांडतात, जिथे अतिथी विन्मुख जातो, जिथे वडीलधाऱ्यांचा अपमान होतो, तिथे मला ने." उद्दालकाने तिला एका पिंपळाखाली बसवले. म्हणाला, "तू बस, मी तुझ्यासाठी जागा शोधून येतो." आणि तो परत आला नाही.

ती तिथे बसून रडू लागली. तिचे रडणे धाकटीच्या कानी गेले आणि लक्ष्मी नवऱ्याला घेऊन तिच्याकडे आली. पिंपळ हे माझेच रूप आहे, तू इथेच राहा, असे विष्णूने तिला सांगितले, आणि लक्ष्मीने शनिवारी तिच्याकडे यायचे ठरले. म्हणून पिंपळाला शनिवारीच शिवावे, इतर वारी शिवू नये.

पोथी ऐकताना बायका लक्ष्मीला हात जोडतात. मला त्या थोरलीचे वाईट वाटते. तिने कुणाचे काय घेतले होते? धाकटीचे लग्न अडू नये म्हणून तिला उजवली, नवऱ्याने झाडाखाली बसवून टाकली, आणि पुढे हजार वर्षे जगाने तिच्या नावाने बोटे मोडली. अशा बाया आपल्या आळीतही आहेत. नावे लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहेत.

एके काळी या ज्येष्ठेची पूजा होत असे, हे वाचून मी थक्क झाले. बोधायनाच्या गृह्यसूत्राच्या पुरवणीत तिच्या पूजेचा विधी दिला आहे. दक्षिणेत तर तिच्या दगडी मूर्ती आहेत. कांचीपुरमचे कैलासनाथाचे देऊळ पल्लव राजांनी आठव्या शतकाच्या सुमारास बांधले, तिथे ती कोरलेली आहे. तिच्या मूर्तींत पोट सुटलेले, स्तन ओघळलेले, ओठ जाड. ध्वजावर कावळा, वाहन गाढव, आणि जवळ केरसुणी. दोन बाजूंना दोन मुले, एक बैलाच्या तोंडाचा मुलगा आणि एक मुलगी. थोडक्यात, तिला लेकुरवाळी बाई दाखवली आहे. पुढे तिची पूजा मागे पडत गेली. तमिळ भाषेत तिला मूदेवी म्हणतात, म्हणजे थोरली देवी. आमच्या वाड्यात एक तमिळ शेजारीण होत्या. मी त्यांना विचारले, "तुमच्याकडे मूदेवी कोण हो?" त्या हसू लागल्या. म्हणाल्या, "माझी सासू मला रोज तेच म्हणायची." तिकडे आळशी, गबाळ्या बाईला 'मूदेवी' म्हणून शिवी देतात. जिच्यापुढे राजेलोकांनी दिवे लावले, ती उशिरा उठणाऱ्या सुनेच्या अंगावर फेकायचा शब्द होऊन बसली. आपल्या अवदसेची ती सख्खी बहीण.

आपल्याकडे तिला घालवण्याचा दिवसच नेमला आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री, मध्यरात्र उलटली की बायकांनी सूप वाजवीत घर झाडायचे आणि केर बाहेर टाकून अलक्ष्मीला हाकलायचे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० साली धर्मसिंधु लिहिला, त्यातही हे अलक्ष्मीनिःसारण सांगितले आहे. माझ्या सासूबाई हे अगदी निष्ठेने करीत. मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत, एका हाताने केर, दुसऱ्या हाताने सूप. त्याच दिवशी संध्याकाळी नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहायचे, आणि तिला लक्ष्मी म्हणायचे. मूर्तीत केरसुणी थोरलीजवळ, आणि घरात केरसुणी म्हणजे धाकटी. थोरलीचे हत्यार काढून घेऊन धाकटीच्या नावावर केले, असे मला वाटते. शास्त्री लोक काय म्हणतील ते म्हणोत.

आणि भाद्रपदात आपण जिला माहेरवाशीण म्हणून आणतो, तिचे नाव काय? ज्येष्ठा गौरी. अनुराधा नक्षत्रावर ती येते, ज्येष्ठेवर जेवते आणि मुळावर जाते. नाव नक्षत्रावरून पडले आहे. तरी पुष्कळ घरांत दोन मुखवटे मांडून एकीला ज्येष्ठा आणि दुसरीला कनिष्ठा म्हणतात, आणि दोघींना सारखीच पुरणपोळी. दिवाळीत थोरलीला सुपाचा आवाज ऐकवून बाहेर काढणारे घर, दोन महिने आधी ज्येष्ठा नावाच्या पाहुणीची ओटी भरीत असते.

समर्थ रामदासांचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा व्हायचा नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात 'करंटलक्षण' नावाचा समास आहे, आणि लगेच पुढे 'सदेवलक्षण'. समर्थ १६०८ ते १६८१ या काळातले. त्यांनी देशभर हिंडून माणसे पाहिली होती, आणि १६३० सालच्या दुष्काळात देश कसा होरपळला ते त्यांच्या तरुणपणीचेच. त्यांचा करंटा आळशी आहे, झोपाळू आहे, भांडखोर आहे. पण त्यांचे एक म्हणणे मला फार धीराचे वाटते. ही लक्षणे टाकली की चांगली लक्षणे अंगी येतात, असे ते आरंभीच सांगतात. म्हणजे करंटेपण कपाळावर लिहिलेले नाही. आपण मात्र 'कपाळकरंटी' हा शब्द करून ते पुन्हा कपाळाला चिकटवून टाकले. त्या यादीत आणखी एक गोष्ट आहे. ज्याला लिहिता येत नाही, वाचता येत नाही, सौदा कळत नाही, हिशेब ठेवता येत नाही, तो करंटा. वाचताना मनात आले, की मग त्या काळच्या जवळजवळ साऱ्या बायका यादीत बसतील! पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती १८४८ साली, समर्थांनंतर दीडशेवर वर्षांनी. समर्थांच्या शिष्यांत वेणाबाई होत्या, अक्काबाई होत्या, त्या गोष्ट निराळी. आणि तिथे अक्काबाई हे नाव किती आदराचे!

पुरुषांना हे शब्द कसे लागतात तेही सांगते. पुरुष गबाळा असला तर 'स्वभावच तसा, कामात असतात' असे म्हणून सोडून देतात. विद्वान असला तर त्याच्या गबाळेपणाच्या गोष्टी कौतुकाने सांगतात. अवदसा हा शब्द व्याकरणानेच स्त्रीलिंगी. नवऱ्याला अवदसा आठवते, तो स्वतः अवदसा होत नाही. आणि नव्या सुनेच्या पावलाने घरात काही विपरीत घडले की 'पांढऱ्या पायाची' आहेच. जावयाच्या पायाचा रंग कुणी पाहिल्याचे मी ऐकलेले नाही.

एका पुरुषाला मात्र हे सारे शब्द लागले. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले डेबूजी, म्हणजे आपले गाडगेबाबा. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात फुटके गाडगे आणि खराटा. लोक त्यांना चिंधेबुवा म्हणत, गोधडेबुवा म्हणत, आणि वेडा तर म्हणतच. म्हणजे कांचीच्या दगडातल्या त्या थोरलीसारखाच वेष, केरसुणीसकट! गावात शिरायचे ते झाडीतच, रस्ता स्वच्छ करायचा, आणि रात्री कीर्तनात सांगायचे, की देवळावर पैसे घालू नका, पोरांना शाळेत घाला. धर्मशाळा बांधल्या त्यांनी, पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला, आणि त्यांत स्वतः राहिले नाहीत. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर वलगावाजवळ ते वारले. सरकारने २०००-०१ साली ग्रामस्वच्छतेची स्पर्धा सुरू केली ती त्यांच्या नावाने. आमच्या माहेरच्या गावानेही भाग घेतला होता. सारे गाव सारवले गेले. सर्वांत गबाळा दिसणारा माणूस स्वच्छतेचा गुरू झाला, हे मुलांना सांगितले की त्यांना हसू येते. मग ती विचारतात, "त्यांना कुणी अंघोळ कर म्हणाले नाही का?"

आता माझ्या आईची हकीकत सांगते आणि लेख आवरते. माहेर माणदेशातले. आमच्या घरात 'अवदसा' हा शब्द कधी ऐकू आला नाही. आई रागावली तर धपाटा घाली, पण हा शब्द नाही. बाहेरून शिकून आम्ही बोललो तर तेवढ्यापुरता तिचा चेहरा बदले. मी सासरी आल्यावर हा शब्द सर्रास ऐकला, तेव्हा माहेरचे हे वेगळेपण माझ्या ध्यानात आले. शब्दांचा नाद लागल्यावर मी एकदा तिला सरळ विचारले.

१९७२चा दुष्काळ पडला तेव्हा ती सतरा वर्षांची होती. दुष्काळी कामे निघाली होती, रस्त्याची, बांधाची, पाझर तलावाची. आई आणि मावशी खडी फोडायला जात. खायला परदेशातून आलेला लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी. लुगडे एकच, तेही दोन ठिकाणी गाठ मारलेले. धुवायचे म्हटले तर वाळेपर्यंत नेसायचे काय? डोक्याला तेल नाही, दिवसभर दगडाची भुकटी केसांत आणि भुवयांत. दुपारच्या सुट्टीत या पाचसहा मुली जवळच्या मळ्यातल्या विहिरीवर पाणी प्यायला गेल्या. मळ्याची मालकीण घराच्या ओट्यावर होती. ती आतल्या कुणाला तरी म्हणाली, "आल्या बघ अवदसा." ती काही यांना उद्देशून बोलली नव्हती. पाणी पिऊ नका असेही म्हणाली नाही. तुम्हीआम्ही म्हणतो तसे सहज म्हणाली असेल. मुलींनी पाणी प्यायले आणि त्या परत कामावर गेल्या. मावशी संध्याकाळी रडली. आई रडली नाही, पण त्या विहिरीवर ती पुन्हा गेली नाही. दुष्काळ सरेपर्यंत ती दुपारी तहानेली राहत असे, आणि सुट्टी झाल्यावर लांबच्या आडावर जाऊन पाणी पीत असे.

हे सगळे तिने लसूण सोलता सोलता सांगितले. श्रीसूक्तातला तो भूकतहानेचा मळ मला त्या वेळी आठवला, पण मी तिला तो सांगितला नाही. मी म्हटले, "आई, तुला त्या बाईचा राग येत असेल अजून." ती म्हणाली, "अगं, राग कसला. तिच्या विहिरीलाही तळच दिसत होता. तिची लेकरं काय खात होती कुणाला ठाऊक." मग म्हणाली, "तो डबा दे इकडे, लसूण वाळून चाललाय."